याला लागत कसं नाही? सायन्स फिक्शन मारामारीचे सिनेमे बघायची माझी पद्धत

आमच्याकडे शनिवारी रात्री सिनेमा असतो. क्लास साडेआठला सुटतो, घरी येऊन आंघोळ उरकेपर्यंत नऊ वाजतात. तोवर आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सोफ्याची खिडकीकडची जागा धरलेली असते. पडद्यावर कुणी काच फोडून आरपार गेला, तीन मजले खाली आपटला आणि कपडे झटकून चालायला लागला, की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "याला लागत कसं नाही गं?"

सुरुवातीला मी नुसती हसायचे. आता मात्र कुणी मला विचारलं की असले सिनेमे कसे बघायचे, तर मी आईंचाच प्रश्न पुढे करते.

मी नाशिकला सिडकोत कराटे शिकवते, एकोणीस वर्षं झाली. दिवसा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला नोकरी आणि संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीसेक मुलं. दर दोन-तीन महिन्यांनी एखादा मुलगा किंवा त्याचा बाप विचारतोच, "मॅडम, मॅट्रिक्ससारखं अजून काय बघू?" मी नावं सांगते. मग ते लोक तो सिनेमा मोबाईलवर, जेवता जेवता, पुढे ढकलत बघतात आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगतात, बोअर आहे. म्हणून काय बघायचं हे शेवटी सांगते. आधी कसं बघायचं ते.

पहिलं काम टीव्हीचं. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते आणि बहुतेक वेळा ती दुकानातून चालूच होऊन येते. प्रत्येक कंपनीचं तिला नाव वेगळं. क्रिकेटला ती बरी, मारामारीची मात्र ती वाट लावते. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांवर चालतो. ही सोय दर दोन चित्रांच्या मधे स्वतःची बनवलेली चित्रं घुसवते. मग ठोसा तेलावरून घसरल्यासारखा दिसतो आणि कोट्यवधींचा सेट दुपारच्या सिरियलसारखा. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा, किंवा पिक्चर मोड 'सिनेमा'वर टाका. आमच्या टीव्हीवर ती दोन वर्षं चालू होती आणि मी अख्ख्या हाँगकाँगच्या सिनेमांना नावं ठेवत बसले होते.

24 वरून आठवलं. हाँगकाँगचे लोक मारामारी कधी कधी सेकंदाला 22 किंवा 20 चित्रांनी घ्यायचे आणि दाखवायचे 24 नेच. 20 ने घेतलं, तर सेटवर एका सेकंदात झालेली हालचाल पडद्यावर 0.83 सेकंदात संपते. माणूस चपळ वाटतो, पण कुठे काही केलंय असं लक्षात येत नाही. त्याच्या बरंच खाली गेलात की जुन्या मूकपटातल्यासारखी माणसं दुडुदुडु पळायला लागतात. क्लासमध्ये हे सांगितलं की मुलं हिरमुसतात, "म्हणजे खोटं?" मी म्हणते, तुझ्या लग्नात तुझे फोटो काढतील तेव्हा बोलू.

दुसरं काम, एक मारामारी आवाज बंद करून बघा. सगळा सिनेमा नाही, एकच. आपण ढिशुम ढिशुम ऐकत वाढलेली माणसं, ठोशाचा अर्धा जोर आपल्याला कानाने लागतो. आवाज गेला की उघडं पडतं, की हात गालापासून वीतभर लांबून गेला आणि मार बसल्याचं सगळं काम मार खाणाऱ्याने केलं. त्याची मान किती उशिरा वळली, खांदा आधी गेला का, तो पडला तेव्हा आधी काय टेकलं, हे बघायची सवय लावा. मारणारा पोस्टरवर असतो, कारागीर तो पडणारा.

आवाज बंद असतानाच आणखी एक करा. दृश्य बदललं, म्हणजे कॅमेऱ्याची जागा बदलली, की टेबलावर बोट आपटा. काही मारामाऱ्यांत बोट निवांत असतं, पाच-सहा वार एकाच दृश्यात दिसतात. काही ठिकाणी बोट तबल्यावर पडल्यासारखं चालू राहतं. तिथे समजा, लढता येतंय ते कात्रीला, कलाकाराला नाही. एक कापणं मात्र मला आवडतं. लाथ छातीवर बसते, दृश्य बदलतं आणि दुसऱ्या बाजूने तीच लाथ बसण्याचा शेवटचा क्षण पुन्हा दिसतो, डोळ्याला जेमतेम कळेल इतकाच. एका लाथेचा हिशोब दोनदा लावतात, आणि आपण तो आनंदाने भरतो.

आता पाय. मी मुलांना शिकवताना हातांकडे बघतच नाही. हात खोटं बोलतात, पायांना ते जमत नाही. सायन्स फिक्शनमध्ये माणसं उडतात, भिंतीवर चालतात, आणि बहुतेक वेळा ती तारेवर असतात. तारेचा पट्टा कमरेला बांधलेला असतो. त्यामुळे काम कच्चं असेल तर माणूस कमरेतून उचलला जातो. पाय नुसते मागून येतात, बादली विहिरीतून यावी तसे. खऱ्या उडीत आधी गुडघा वाकतो, हात मागे जातात आणि टाच जमिनीवरून सुटल्यावर शेवटी बोटं सुटतात. पक्कं काम करणारे तारेवरच्या माणसालाही आधी स्वतः रेटा घ्यायला लावतात, तार नुसती त्याची उडी लांबवते. उडण्याआधी गुडघा वाकला का, एवढंच बघा. निम्मे सिनेमे इथेच गळतात.

हे ओळखायला शिकायचं असेल तर रंगपंचमीला तिवंधा चौकात नाहीतर पंचवटीत शनि चौकात जा. पेशवेकाळातल्या रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, तेव्हा उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक वरून धप्पा मारतात. काठावर पन्नास जण नाचत असतात. त्यातला कोण खरंच उडी टाकणार हे दोन सेकंद आधी कळतं, त्याच्या गुडघ्यांवरून. मी दरवर्षी शेजारणीशी पैज लावते आणि बहुतेक जिंकते.

एवढं झालं की मुख्य गोष्टीवर या. साध्या कुंगफूच्या सिनेमात नायक जिंकतो, कारण त्याने गुरूच्या अंगणात जास्त पाणी भरलेलं असतं, किंवा त्याला कुणाचा तरी बदला घ्यायचा असतो. सायन्स फिक्शनमध्ये दोघांच्या मधे आणखी एक जण उभा असतो, आणि तो म्हणजे नियम. इथे जमिनीची ओढ कमी आहे. इथे वेगवान वार लागतच नाही. इथे तुझा हात तू हलवत नाहीस. मातीतला पैलवान मॅटवर गेला की डाव तेच असतात, धोबीपछाड तीच, ढाक तीच, पण पाय वेगळे पडायला लागतात. तसा हा दर वेळी नवा आखाडा. म्हणून बघताना तीन गोष्टी विचारायच्या. नियम काय आहे? तो मारामारीच्या आधी सांगितला की अडचण आल्यावर खिशातून काढला? आणि त्याची किंमत कुणाच्या अंगाने मोजली? आईंचा प्रश्न तो हाच, तिसरा.

मॅट्रिक्स, 1999. यातला दोजोचा, म्हणजे तालीमघरातला, प्रसंग आधी वेगळा काढून बघा. नायकाच्या डोक्यात एकामागून एक विद्या भरल्या जातात, तो डोळे उघडून सांगतो की मला कुंगफू येतं, आणि त्याचा गुरू म्हणतो दाखव. पांढऱ्या पोशाखात कीआनू रीव्हज, काळ्यात लॉरेन्स फिशबर्न, भोवती लाकडी घर. कीआनू उभा राहतो तेव्हा त्याचे हात अगदी बरोबर आहेत, कारण विद्या भरलेली आहे. पण खांदे वर चढलेत. माझ्याकडे पिवळा पट्टा मिळालेली मुलं अगदी अशीच उभी राहतात, सगळं पाठ आणि श्वास अडकलेला. फिशबर्न मात्र कमी हलतो. एक हात पुढे करून नुसता बोलावतो. मग कीआनू खांबावर पावलं टाकत चढतो आणि उलटी उडी घेतो, तेव्हा परत मागे नेऊन बघा, धावत येतानाचं शेवटचं पाऊल कसं दाबून पडतं. थोड्या वेळाने गुरू त्याला विचारतो की तू जी घेतोयस ती हवा आहे असं वाटतं का तुला? तो दमलेला असतो, आणि दमायचं काही कारणच नसतं, कारण ही जागा संगणकात उभी केलेली, तिथे फुप्फुसंच नाहीत. मारामारी थांबवून नियम सांगितला आणि तोही मारामारीतूनच. मी हा प्रसंग किती वेळा बघितला असेन मोजलेलं नाही.

ही मारामारी बसवली युएन वू-पिंग यांनी. त्यांनी कलाकारांना चित्रीकरणाआधी चार महिने तालमीला लावलं. तेव्हा हॉलिवूडमध्ये इतकी तालीम क्वचितच कुणी करत असे. कीआनूच्या मानेचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं, त्यामुळे सुरुवातीला त्याला लाथा मारता येत नव्हत्या आणि सिनेमातही त्याच्या वाट्याला लाथा कमीच आल्या. हे कळल्यावर पुन्हा बघा, हाताचं काम इतकं का आहे ते उलगडतं. गोळ्या चुकवण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग, ज्यात सुमारे 120 स्थिर कॅमेरे गोल लावून चित्रं घेतली, तो सगळ्यांनाच माहीत आहे. मला त्यात फारसा रस नाही, तो कॅमेऱ्याचा पराक्रम. मला आवडतं ते दोजोनंतरचं. नायक एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारायला जातो, पडतो, खालचा रस्ता गादीसारखा दबतो आणि त्याला वर फेकतो. मग तो खुर्चीत जागा होतो, तर तोंडात रक्त. आई तेव्हा ताठ बसल्या. पडला खोट्या रस्त्यावर, रक्त आलं खऱ्या तोंडात. "म्हणजे याला लागतं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा सिनेमा त्यांनी मन लावून बघितला.

इथेच एक कबुली. काही वर्षांपूर्वी मी वरच्या पट्ट्याच्या मुलांना हाच प्रसंग बघून यायला सांगितलं होतं. काय बघा ते नीट सांगितलं नाही, नुसतं "बघून या". दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी एक तेरा वर्षांचा मुलगा पार्किंगच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या खांबावर धावत चढला. दोन पावलं वर गेला, तिसऱ्याला खाली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्याचे वडील मला काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. चूक माझी होती. तेव्हापासून क्लासचा नियम आहे, सिनेमातून उभं राहणं आणायचं, उडी आणायची नाही. म्हणजे पात्र कसं उभं आहे, वजन कुठल्या पायावर आहे, ते करून दाखवायचं. घरात लहान मुलं असतील तर तुम्हीही हेच सांगा. तो मुलगा आता कॉलेजात आहे आणि सिनेमा बघताना टेबलावर बोट आपटून सगळ्यांना वैताग देतो.

आता नवऱ्याचा सिनेमा. तो एका कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोंवर काम करतो आणि माझ्या निवडीला नाक मुरडतो. पण 2018 चा अपग्रेड त्याने सलग दोन शनिवार लावला. मानेखाली लुळा पडलेला माणूस, मणक्यात एक चिप बसवतात, चिपला आवाज आहे आणि परवानगी दिली की ती त्याचं शरीर चालवते. पहिली मारामारी स्वयंपाकघरात आहे. तिथे नायकाच्या, म्हणजे लोगन मार्शल-ग्रीनच्या, चेहऱ्याकडे आणि हातांकडे आळीपाळीने बघा. हात काटेकोर काम करतायत आणि चेहरा घाबरून गेलाय, जणू दुसऱ्याची मारामारी बघतोय. नवरा म्हणाला, "थांबणं बघ." माणसाचा हात थांबतो तेव्हा थोडा पुढे जाऊन मागे येतो. रोबो जिथे थांबायचं तिथेच थांबतो, थरथर नाही. हा नट तसा थांबतो. मी तो प्रसंग आवाज बंद करून बघितला आणि मानलं. तो उठतो तेव्हा कॅमेराही त्याच्यासोबत तिरपा होऊन उठतो, खोली फिरते, तो मात्र चौकटीत जिथल्या तिथे. त्यासाठी नटाच्या अंगावर मोबाईल बांधला होता आणि कॅमेरा त्या मोबाईलच्या हालचालीला जोडलेला होता. आमच्या घरात हे ऐकून सिनेमापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. सिनेमा रक्तबंबाळ आहे, मुलांसमोर अजिबात नको. आई मधेच म्हणाल्या, "लागतंय खरं, पण कोणाला लागतंय?" त्यांनी सिनेमाचा शेवट अर्ध्यातच ओळखला होता.

2021 चा ड्यून मारामारीचा सिनेमा नाही, तरी माझ्या यादीत आहे, नियमासाठी. अंगाभोवती ऊर्जेचं कवच असतं. वेगात आलेला वार ते अडवतं, सावकाश आलेलं पातं आत शिरतं. झालं, हजारो वर्षांची तलवारबाजी उलटी झाली. झपाट्याने जवळ जायचं आणि शेवटच्या चार बोटांत हात मंद करायचा. मी हे क्लासमध्ये खेळायला लावते. समोरच्याच्या खांद्याला हात लावायचा, पण हळू, झटक्यात लावला तर बाद. काळ्या पट्ट्याची मुलं पहिल्या मिनिटात बाद होतात. घरी दोघांत करून बघा आणि मग सिनेमातला तालमीचा प्रसंग लावा, कवच निळ्याचं लाल कधी होतं ते आपोआप दिसायला लागेल.

जेट लीचा द वन, 2001. समीक्षकांना आवडला नाही आणि गोष्ट म्हणाल तर माझ्या भाच्याने लिहिल्यासारखी आहे. अनेक विश्वं, प्रत्येकात तुझं एक रूप, एक मेलं की त्याची ताकद उरलेल्यांत वाटली जाते, म्हणून एक जेट ली बाकीच्या जेट लींना मारत सुटतो. तरी बघा, कारण यात चांगला आणि वाईट कपड्यांवरून ओळखावा लागत नाही. दोघांच्या लढायच्या चिनी पद्धती वेगळ्या. वाईट लढतो शिंगयी, सरळ रेषेत, समोरचा फोडून पुढे. चांगला लढतो बाग्वा, गोलात, समोरच्याभोवती फिरत. शेवटच्या कारखान्यातल्या मारामारीत आवाज बंद करा आणि फक्त पावलं बघा. कोण कुठला ते चेहरा न बघता सांगता येतं. एकच नट, स्वभाव दोन, आणि दोन्ही तळपायात.

एका नटाने दोन माणसं करायची ही हौस आपल्याला नवी नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याला ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 च्या लंकादहनात अण्णा साळुंक्यांना राम आणि सीता दोन्ही केलं होतं. त्र्यंबकचा माणूस, शंभर वर्षांपूर्वी, कॅमेऱ्याच्या करामतीवर देव आणि राक्षस उभे करत होता. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना लेणी दाखवून आणते आणि खाली उतरल्यावर हे ऐकवते. पाहुण्यांना तोवर मिसळ हवी असते.

इक्विलिब्रियम, 2002, यावर माझं आणि माझ्या विद्यार्थ्यांचं भांडण आहे. त्यात पिस्तुलांची काता आहे. गोळ्या कुठून येतील याचा हिशोब आधीच मांडलेला, त्यानुसार उभं राहायचं, त्यानुसार हात, न बघता गोळी. मुलं वेडी होतात. मी म्हणते, काता म्हणजे नसलेल्या माणसाशी लढणं, इतकी वर्षं हेइआन शोदान ही कराटेची पहिली काता शिकवतेय, मला माहीत आहे. आणि समोरचे दहाजण पाठ करून आल्यासारखे जागच्या जागी उभे राहिले तरच हे चालतं. पण शेवटी दोघं अगदी समोरासमोर, हाताच्या अंतरावर पिस्तुलं घेऊन उभे राहतात, मनगटाने मनगट ढकलून नळी बाजूला सारतात, तिथे माझी बोलती बंद होते. ते मला ओळखीचं आहे. क्रिस्तियान बेलचं मनगट बघा. खांदा हलतच नाही.

थिएटरचं एक सांगते. असला सिनेमा मोठ्या पडद्यावर लागला तर मधल्या रांगेतलं तिकीट काढा. पुढच्या रांगेत मान फिरवावी लागते, एक माणूस बघेपर्यंत दुसऱ्याचा वार होऊन जातो. पडदा अंधारा वाटला तर मध्यंतराची वाट न बघता लगेच बाहेर जाऊन सांगा. मी एकदा अख्खी रात्रीची मारामारी काळ्या कांबळ्यावर काळी मांजरं असल्यासारखी बघितली, लाजेखातर गप्प बसून. घरी आल्यावर त्याचा ट्रेलर बघितला, तर मागे पाऊस पडत होता. मला तो दिसलाच नव्हता.

भाषेचं म्हणाल, तर पहिल्यांदा हिंदी डबिंग लावायला लाजू नका. सबटायटल खाली असतात, पायही खालीच असतात. पण वाचताना डोळा अक्षरांवर अडकतो.

क्रम असा ठेवा. मुलं असतील तर रजनीकांतचा रोबोट, 2010. मॅट्रिक्सच्या त्याच युएन वू-पिंगनी यातल्या मारामारीवरही काम केलंय. रेल्वेतला प्रसंग बघा, चिट्टी डब्याच्या बाजूने आडवा धावतो, आणि धावतानासुद्धा रजनी रजनीच राहतो. मग 2006 चा क्रिश. त्यातली साहसदृश्यं हाँगकाँगच्या चिंग सिउ-तुंगची आहेत. त्याच्या माणसांची वस्त्रंसुद्धा नाचतात. गुडघ्याची परीक्षा इथे लावा, काही ठिकाणी पास होतो, काही ठिकाणी मी काही बोलत नाही. शाळकरी मुलांना यापुढे ड्यून चालेल, द वन चालेल. मोठ्यांनी मग मॅट्रिक्स, इक्विलिब्रियम, आणि पोट घट्ट असेल तर अपग्रेड. एका रात्री एकच. दोन लागोपाठ लावले तर दुसऱ्यात डोळा मेलेला असतो. आणि जेवण आधी उरका. ताटात बघायचं की पायात, असं होतं.

सगळ्यात शेवटी एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स, 2022. याला सात ऑस्कर मिळाली, मिशेल योहला उत्कृष्ट अभिनेत्रीचं. एक चिनी बाई अमेरिकेत लाँड्री चालवते. सिनेमा सुरू होतो तेव्हा ती टेबलावर पावत्यांचा ढीग घेऊन बसलेली असते, इन्कम टॅक्सच्या बाईसमोर जायचंय, आणि तेवढ्यात तिला कळतं की विश्वं अनेक आहेत आणि तिला ती वाचवायची आहेत. दुसऱ्या विश्वातल्या आपल्या रूपाची विद्या घ्यायची असेल तर आधी काहीतरी लाजिरवाणं, बिनडोक करावं लागतं. हा यातला नियम, आणि किंमतही हीच. कुंगफू फुकट मिळत नाही, आधी चारचौघांत वेडं ठरावं लागतं. माझ्या क्लासला पहिल्या दिवशी आलेल्या चाळिशीच्या बायका बघा, सफेद पोशाखात, ओशाळलेल्या. मला हा नियम फार खरा वाटतो.

यातली कमरेच्या पाऊचची मारामारी के ह्यूय क्वान करतो. मवाळ, चष्मा लावलेला नवरा. तो पाऊचचा पट्टा सोडवतो, आणि त्याच पट्ट्याने पहारेकऱ्यांना झोडपतो. आधी खांदे बघा. पाऊच हातात घेण्यापूर्वीच ते खाली येतात आणि माणूस बदलतो. हा नट मधली कित्येक वर्षं कॅमेऱ्यामागे मारामारी बसवणाऱ्यांबरोबर काम करत होता, 2001 च्या त्या जेट लीच्या सिनेमातसुद्धा. मारामारी बसवली अँडी आणि ब्रायन ले या भावांनी, जे हाँगकाँगचे सिनेमे बघून बघून शिकले. हे मी क्लासमध्ये सांगत नाही. खांब अजून तिथेच आहे.

सिनेमात एक-दोन प्रसंग असे आहेत की सासूबाईंबरोबर बघता येत नाहीत. मी तेवढ्यात चहा टाकायला उठले, नवरा मोबाईलमध्ये गेला. आई मात्र जागच्या हलल्या नाहीत. सासऱ्यांचं पंचवटीत किराणा दुकान होतं आणि पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. मार्च आला की तो डबा आईंच्या पुढ्यात यायचा. पडद्यावर बोटं गरम सॉसेजसारखी झाली, दगड बोलायला लागले, विश्वं फुटली, आईंनी "लागत कसं नाही" एकदाही विचारलं नाही. सिनेमा संपला, मी दिवा लावला.

"ते सगळं ठीक आहे," आई म्हणाल्या, "पण त्या बाईचं इन्कम टॅक्सचं मिटलं का?"